पिवळ्या खडूची खूण

गिलेनच्या व्हॅनची मागची डावी रिम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मेली. मेली म्हणजे हवा धरेना. संध्याकाळी भरावी, पहाटे टायर जमिनीला टेकलेला. आठ हिवाळे रस्त्यावरचं मीठ खाल्लेलं लोखंड ते, कडेनं पापुद्रे सुटायला लागले होते, आणि टायर जिथं रिमला धरून बसतो तिथनंच हवा फुसफुसत जायची. बाकीच्या तिघीही त्याच वाटेवर होत्या.

दुसरी कुणी असती तर शेजारणीची गाडी मागून आठवडा ढकलला असता. गिलेनला ते जमण्यासारखं नव्हतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे साडेपाचला ती लांस-ग्रीझ गावाहून निघायची, दोन म्हाताऱ्या माणसांना घेऊन, पंच्याऐंशी किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात, डायलिसिसला. डायलिसिसला सुट्टी नसते. एक वार चुकला की माणूस सुजतं. दोन चुकले की मग व्हॅन लागत नाही, काळी गाडी येते.

हे काम तिला कुणी नेमून दिलेलं नव्हतं. पंधराव्या वर्षी शाळा सोडून ती खेकड्याच्या कारखान्यात लागली. तीस वर्षं तंगड्या फोडल्या. कारखाना बंद पडला त्याच वर्षी आईच्या किडन्या गेल्या, म्हणून ही व्हॅन घेतली. मागे जागा होती म्हणून आदेलारला घेतलं, मग इमेल्दाला घेतलं. आई चार वर्षांपूर्वी गेली. तिला मंगळवारी पुरलं. बुधवारी साडेपाचला गिलेन आदेलारच्या दारात हॉर्न वाजवत उभी.

"आज नसतीस आली तरी चाललं असतं," आदेलार म्हणाला.

"तुम्हाला नसतं चाललं," ती म्हणाली, आणि त्याच्या चाकांच्या खुर्चीसाठी रॅम्प खाली सोडला.

अशी बाई. तोंडाला लगाम नाही, पण ज्याला आपलं म्हटलं त्याला आपलंच म्हटलं.

गावात टायरचं काम एकच माणूस करायचा. ओनिल. एकाहत्तर वर्षांचा, बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, खाली गॅरेज आणि वर घर. गावातली झाडून सगळी पोरं त्याला मोनोंक म्हणायची, म्हणजे काका. सख्खा कुणाचाच नाही, चुलत सगळ्यांचा. त्रेपन्न वर्षांची घोडी झाली तरी गिलेन त्याला मोनोंकच म्हणायची. तिला गाडी त्यानंच शिकवली होती. आणि आईच्या दुसऱ्या हिवाळ्यात, वादळात व्हॅन चढावर रुतली तेव्हा तोच आपला ओढट्रक घेऊन आला होता. आईला ब्लँकेटात गुंडाळून त्यानं केबिनमध्ये बसवली आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या मागोमाग रांगत रांगत हॉस्पिटलात पोचवली. जाऊन येऊन नऊ तास. परत आल्यावर एवढंच म्हणाला, "तुझी आई गाते छान."

असलं काही माणूस विसरत नाही. निदान गिलेन तरी नाही.

ओनिलनं व्हॅन उचलली, चारही चाकांच्या कडा बोटांनी चाचपल्या.

"पोरी, इथं गंजाला गंज धरून बसलाय. चार नव्या रिमा घे. टायरही संपलेत. आणि हे सगळं एक डिसेंबरच्या आत. त्या तारखेपासून हिवाळ्याचे टायर कायद्यानं लागतात, नाहीतर पोलीस तुला चालत पाठवतील."

गिलेनचा मावसभाऊ शेजारच्या गावात भंगाराचा वाडा चालवायचा. त्याच्याकडून तिनं आधीच चार रिमा उचलून आणल्या होत्या. कुठल्याशा कारच्या, ॲल्युमिनियमच्या, चकचकीत. त्या तिनं ओनिलपुढं मांडल्या.

"छान आहेत," ओनिल म्हणाला. "लग्नाला जायला."

"पाच भोकं आहेत, मोनोंक. अंतरही तेच आहे. मी मोजलंय."

"भोकं जुळली म्हणून चाक जुळत नाही. तुझ्या नवऱ्याचं पण सगळं जुळलं होतं ना?"

नवरा अकरा वर्षांपूर्वी मॉन्ट्रियलला गेला होता तो गेलाच. गिलेन हसली. हे असलं फक्त ओनिलनं बोलावं.

त्यानं रिम उलटी केली. आतल्या बाजूला बारीक आकडे कोरलेले होते. खिशातनं भिंग काढून त्यानं डोळ्याला लावलं, रिम उजेडाकडे फिरवली, परत फिरवली, आणि शेवटी तिच्यापुढं सरकवली. "वाच."

"पाचशे साठ."

"किलो. एका चाकानं उचलायचे. आता तुझ्या मागच्या दाराशी लोखंडी रॅम्प. त्याच्या पुढं आदेलारची विजेवरची खुर्ची. खुर्चीवर आदेलार. आणि आदेलार नाश्त्याला काय खातो ते तुला माहितीये. ह्या कारच्या रिमा आहेत, पोरी. एक दिवस खड्ड्यात टचकन तडकतील. भावाला सांग, ठेव तुझ्याकडे."

मग त्यानं भिंतीवरची काळी लोखंडी रिम काढली. दिसायला भाकरीच्या तव्यासारखी.

"ही. खड्ड्यात गेली तर वाकेल, पण फुटणार नाही. वाकलेली मी ठोकून सरळ करतो. फुटलेली येशूपण करत नाही."

टायर निवडायला आणखी तासभर गेला. ओनिलला रुंद टायर नको होता. रुंद टायर पचपचीत बर्फावर बदकासारखा तरंगतो, अरुंद टायर खाली रस्त्यापर्यंत कापत जातो. टायरच्या कुशीवर डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल असं चित्र पाहिजे, त्याशिवाय हिवाळ्याचा टायर नाही. वजनाचा आकडा व्हॅनच्या दारावरच्या चिठ्ठीपेक्षा वर पाहिजे. सगळे आकडे गिलेननं वाचून दाखवले, त्यानं मान हलवली.

"खिळे मारू?"

तिथल्या चढांना अर्धं गाव खिळेवाले टायर लावतं. काचेसारख्या बर्फावर खिळा रुततो. पण कोऱ्या डांबरावर तोच खिळा कड्‌कड्‌कड्‌ वाजत राहतो, सगळा रस्ताभर.

"विचारून सांगते," गिलेन म्हणाली.

"कुणाला? टायर गाडीला लावायचेत का म्हाताऱ्यांना?"

तिनं शुक्रवारी व्हॅनमध्ये विचारलं. आदेलार जन्मभर लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवलेला माणूस, तो म्हणाला, "खिळे. ह्यात विचारायचं काय, कॅप्टन?" इमेल्दा खिडकीबाहेर बघत होती. ती चार तास मशीनला लावलेली असायची आणि येताना मागच्या सीटवर लहान बाळासारखी झोपायची.

"मला रात्री झोप लागत नाही," ती थोड्या वेळानं म्हणाली. "ह्याच रस्त्यावर लागते. पण तुमचं काय ते ठरवा."

गिलेननं खिळे नको म्हणून सांगितलं. ओनिलनं तोंड वाकडं केलं. "एका म्हातारीच्या झोपेसाठी चढावर जुगार," म्हणाला, पण टायर तसेच मागवले.

मंगळवारी दुपारी चाकं चढली. ओनिलची पद्धत ठरलेली होती. नट आवळायची हवेवरची बंदूक त्याच्याकडे होती, पण शेवटचा पीळ तो हातानंच द्यायचा, लांब पान्यानं, खांद्याचा जोर लावून. मग नटावर तळवा आपटायचा आणि पिवळ्या खडूनं एक रेघ मारायचा. पाच नट, पाच रेघा. पिवळी रेघ म्हणजे ओनिलचा शब्द. दुसरीकडच्या प्रत्येक पावतीवर खाली छापलेलं असतं की शंभर किलोमीटरनंतर या, नट पुन्हा आवळून घ्या. ओनिलच्या पावतीवरही छापलेलं होतं. तो ती ओळ ग्राहकासमोर खडूनं खोडायचा. "माझ्याकडे परत यावं लागत नाही." लोक हसायचे. चाळीस वर्षांत गावात कुणी नट आवळायला परत गेलं नव्हतं. गेलं असतं तर ते त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखंच झालं असतं.

त्यानं गिलेनच्या पावतीवरची ओळही खोडली.

बुधवारी जाताना व्हॅन लोण्यावरून गेल्यासारखी गेली. येताना समुद्राकडून भुरभुर सुरू झाली, रस्त्यावर राखाडी चिखल. इमेल्दा झोपली होती. निम्मा रस्ता संपला आणि मागून आवाज यायला लागला. धप्. धप्. धप्. वेग वाढवला की जवळ जवळ, कमी केला की लांब लांब.

"चाकात बर्फ अडकलाय," आदेलार म्हणाला.

तिलाही तेच वाटलं. तिथल्या कुणालाही तेच वाटलं असतं. रिमच्या आत ओला बर्फ जाऊन बसतो, एका बाजूला गोठतो आणि चाक लंगडायला लागतं. थांबायचं, झाडूच्या दांड्यानं चार ठोके द्यायचे, निघायचं. आणखी एक चढ होता, तो चढून जाऊ म्हणून ती आठ किलोमीटर तशीच गेली. पुढं ते आठ किलोमीटर तिच्या स्वप्नात बरेच दिवस येत राहिले.

चढावर ती कडेला थांबली, झाडू घेऊन खाली उतरली. मागच्या डाव्या चाकात बर्फ नव्हता. पाच नटांच्या जागी चार होते. तिनं हातमोजा काढून एकाला हात लावला. तो बोटांनी फिरला. दुसरा फिरला. तिसराही फिरला. चौथा तेवढा घट्ट होता. चारही नटांवर पिवळी रेघ होती, स्वच्छ, सरळ, कालची.

तिला प्रथम थंडी वाजली नाही, लाज वाटली. दुसऱ्याचं काहीतरी उघडं पडलेलं बघावं तशी.

तिनं व्हॅनमधला पाना काढला, त्याच्यावर दोन्ही पाय देऊन उभी राहिली आणि चारही नट आवळले. मग बाकीची तीन चाकं. पुढच्या उजव्याचे दोन नट जरासे हलले. खिळे असते तर त्या कडकडाटात धप् धप् ऐकूच आलं नसतं, हे तिला तिथंच सुचलं. खिडकीतून तिनं इमेल्दाकडे बघितलं. म्हातारी तोंड उघडं टाकून झोपली होती.

"बर्फच होता," गाडीत बसून तिनं सांगितलं.

आदेलारनं तिच्या हातातल्या पान्याकडे बघितलं. मग म्हणाला, "बर्फ पाडायला हल्ली पाना लागतो?"

तिनं गाडी चाळीसच्या वेगानं घरी आणली.

गुरुवारी ती ओनिलकडे गेली ती सांगायचं ठरवूनच. बाहेर पाच गाड्या लागलेल्या. एक डिसेंबर जवळ आला की असंच असतं. ओनिल एका गाडीखालून बाहेर आला, उजवा हात पोटाशी धरून. तिला बघून त्याचं तोंड फुललं. "वर सूप आहे वाटाण्याचं, घे जा. कशी चालतीये?"

"छान चालतीये."

"मग?"

पाच माणसं उभी होती. त्यातला बेकरीवाला इव्हां ओनिलच्या पाठीवर थाप मारून म्हणत होता, "हा आहे तोवर आपण आहोत." गिलेन म्हणाली, "एक नट पाहिजे होता, मोनोंक. माझ्याकडनं हरवला."

ओनिलनं तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. चाकावरचा नट बाईकडून कसा हरवतो, हे त्यानं विचारलं नाही. डब्यातून एक काढून तिच्या हातावर ठेवला आणि परत गाडीखाली गेला.

ती घरी आली आणि तिनं स्वतःला शिव्या दिल्या. मग ओनिललाही दिल्या. मग त्याची बाजू घेऊन स्वतःशीच भांडली. चाळीस वर्षांत एक चाक चुकलं. कुणाचं चुकत नाही? तिनं कारखान्यात हजार खेकडे वाया घालवले असतील. पण खेकड्यावर कुणी इमेल्दा झोपलेली नसते.

शुक्रवारी आदेलारला व्हॅनमध्ये चढवताना त्यानं आपल्या ब्लँकेटखालून एक लांबडी पेटी काढून तिच्या हातात दिली. आत पाना होता, मुठीवर आकडे असलेला. जोर लावायचा तेवढा आकडा लावून ठेवायचा, तो पुरा झाला की पाना टक् करतो.

"माझ्या ट्रकचा," तो म्हणाला. "एकदाच हलला असेल नट, तर काही नाही. पण एकदाच हललाय का, ते तुला माहितीये का, कॅप्टन?"

"काय म्हणायचंय तुम्हाला?"

"शनिवारी हॉलमध्ये बिंगो आहे, आकड्यांचा खेळ. अख्खं गाव आत असतं. गाड्या बाहेर असतात."

"मी चोरासारखी लोकांच्या गाड्यांपाशी रांगू?"

"मला जमलं असतं तर मी रांगलो असतो. माझं चालू काय आहे, तर तोंड. मी आत लोकांना धरून ठेवतो."

शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमागे गिलेन गुडघ्याखाली पुठ्ठा घेऊन बसली. आतून आकडे ऐकू येत होते, आणि मध्ये मध्ये आदेलारचा आवाज, आपल्याला खोटं पत्रक दिलंय म्हणून भांडत. पिवळ्या रेघांच्या सात गाड्या होत्या. तिनं एकेक चाक घेतलं. टक्. टक्. टक्. पाच गाड्या बरोबर निघाल्या, प्रत्येक वेळी तिचा श्वास मोकळा झाला. सहाव्या गाडीचा पाना पाव फेरा फिरला तेव्हा टक् झालं. सातव्या गाडीचा अर्धा फेरा. ती सातवी गाडी एका पोरीची होती, दोन लेकरांना रोज पाळणाघरात सोडणाऱ्या. मागच्या खिडकीवर आतून कागदी मासा चिकटवलेला.

गिलेननं त्या दोन्ही गाड्या आवळल्या आणि पुठ्ठा उचलला. आता एक चाक चुकलं असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

रविवारी गॅरेज बंद असतं, पण ओनिल खालीच होता, रिमा लावत. तिनं आदेलारची पेटी बाकावर ठेवली. दुसरं काही सुचलं नाही म्हणून सरळ बोलली.

"मोनोंक, बुधवारी माझ्या मागच्या चाकाचा एक नट पडला. तीन सैल होते. म्हातारी झोपली होती मागे. काल बिंगोला मी सात गाड्या बघितल्या. दोन सैल निघाल्या."

ओनिल रिम हातात घेऊन उभा राहिला.

"बघितल्या म्हणजे?"

"पाना लावून."

"माझी रेघ होती त्यांच्यावर?"

"होती."

"आणि तू चोरून पाना लावलास."

"हो."

त्यानं रिम खाली ठेवली. "नवी रिम असते. रंग दबतो, बसते जागेवर. जरा सैल पडणारच. त्यात काय?"

"म्हणूनच सगळीकडे शंभर किलोमीटरनंतर बोलावतात. तुम्ही ती ओळ खोडता."

"मी चाळीस वर्षं खोडतोय."

"चाळीस वर्षं तुमचा खांदा चांगला होता."

त्यानं उजवा खांदा चोळला. मग त्यानं ते काढलंच, जे तो कधी काढणार नाही असं तिला वाटत होतं. "तुझ्या आईला मी नऊ तास..."

"माहितीये मला. ते नसतं तर मी इथं आलेच नसते. सकाळी चर्चच्या पायरीवर उभी राहून सांगितलं असतं." तिनं पेटी त्याच्याकडे सरकवली. "उचला तो पाना. माझी व्हॅन बाहेर आहे. माझ्यासमोर एक नट आवळा. टक् झालं तर मी तुमची माफी मागते आणि पुन्हा तोंड उघडत नाही."

ओनिल बाहेर आला. बोचरा वारा होता. त्यानं मागच्या डाव्या चाकाचा एक नट सैल केला, मग पाना लावून ओढला. ओढला. खांदा वर आला, चेहरा पांढरा झाला, गालाची शीर उडायला लागली. टक् झालं नाही. त्यानं पाना काढला, तळवा नटावर आपटला, आणि खिशातला खडू काढून रेघ मारली.

मग तो थांबला. खडू तसाच नटावर टेकलेला. आपल्या हाताकडे तो असा बघत होता, जणू दुसऱ्या कुणाचा हात त्याच्या बाहीतून बाहेर आलाय.

"मी हे कधीपासून करतोय?" तो म्हणाला. तिला विचारल्यासारखं नाही.

गिलेनला वाटलं, आता पुढं होऊन त्याला धरावं. धरलं असतं तर दोघंही रडले असते आणि काम राहिलं असतं. ती म्हणाली, "वहीत ह्या हंगामाची नावं असतील. सगळ्यांना बोलवा. मी आवळते. उद्या दुपारपर्यंत पाटी लागली नाही तर मी बोलवते. मग मी काय सांगीन ते तुमच्या हातात नाही."

"तू कुणाचीच नाहीस, आईचीही नाहीस," ओनिल म्हणाला. "जा." तिनं आधी तो नट आवळला, मग निघाली.

सोमवारी हॉस्पिटलातनं परतताना गॅरेज दिसायच्या आधीच्या वळणावर तिनं गाडी हळू केली. आदेलारनं मान लांब केली. पाटी होती. पुठ्ठ्यावर, पिवळ्या खडूनं: हंगामात चाकं बसवलेल्यांनी यावं, नट पुन्हा आवळून मिळतील.

"च्यायला, लिहिलं म्हाताऱ्यानं," आदेलार म्हणाला.

वहीत त्रेचाळीस गाड्या होत्या. आठवडाभर हॉस्पिटल सोडून उरलेल्या वेळात गिलेन गॅरेजात. ती आवळायची, ओनिल स्टुलावर बसून नावापुढं खूण करायचा. तिच्याशी बोलायचा नाही. पोरी म्हणणं बंद. एका बाईनं दोघांकडे बघून हळूच म्हटलं, "गिलेन गॅरेज घेतेय वाटतं. म्हाताऱ्यानं काम सोडलं नाही तोवर हिला घाई." ओनिलनं ऐकलं. तो काही बोलला नाही. गिलेनला ते सगळ्यात जास्त लागलं, पण तिनंही ओठ शिवून पुढचा नट धरला. सात गाड्या सैल निघाल्या.

शेवटी पाच गाड्या राहिल्या. त्यांचे मालक यायलाच तयार नव्हते. का, तर ओनिलवर विश्वास. "त्याच्या चाकाला परत हात लावायचा? आम्ही नाही म्हाताऱ्याचा अपमान करणार." चौघांना गिलेननं त्यांच्या दारात जाऊन, भांडून, शिव्या खाऊन आवळून दिलं. पाचवा इव्हां, बेकरीवाला. त्याची पावाची गाडी रोज पहाटे किनाऱ्यानं पाच गावं फिरायची. त्यानं तिच्या तोंडावर दार लावलं. "तू त्याला कमीपणा आणायला निघालीस," दारापलीकडनं म्हणाला. "मी बरा ओनिलच्या बाजूला."

गॅरेजात येऊन तिनं वही ओनिलपुढं टाकली. "इव्हां येत नाही. तुमच्या बाजूला आहे तो."

ओनिलनं वहीकडे बघितलं. मग उठून भिंतीवरचा फोन काढला. गिलेन बाहेर जायला वळली.

"थांब," तो म्हणाला. मग फोनमध्ये, "इव्हां. गाडी घेऊन ये. नाही, गिलेनचं नाही. माझं आहे. माझ्या हातात जोर राहिला नाही. मी आवळल्याशिवाय रेघा मारल्यात. हो, तुझ्या गाडीलाही. ये आणि पोरीकडून आवळून घे." पलीकडून इव्हां काहीतरी बोलत राहिला. ओनिल ऐकत राहिला. "नाही," म्हणाला, "तू माझ्या बाजूला असशील तर आत्ता ये."

इव्हां आला. त्याच्या नटावर पाना पाऊण फेरा फिरला. तो गाडी घेऊन निघून गेला, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं. दुसऱ्या दिवशी गॅरेजासमोर एकही गाडी नव्हती. त्यानंतरच्याही दिवशी नाही. लोक पुढच्या गावात जायला लागले. भेटले की ओनिलच्या खांद्याची चौकशी करायचे, हळू आवाजात, माणूस आजारी असल्यासारखी.

गुरुवारी गिलेन वाटाण्याचं सूप घेऊन गेली. गॅरेज झाडून लख्ख केलेलं. ओनिल स्टुलावर.

"व्हॅन आत घे," तो म्हणाला.

तिनं घेतली. चारही चाकं पुन्हा एकदा आवळली. वीस वेळा टक् झालं. ओनिल प्रत्येक वेळी मान हलवत होता. तो उठून मागच्या डाव्या चाकापाशी वाकला. तिला वाटलं, आता रेघ मारणार. त्यानं खिशातून फडका काढला, थुंकी लावली आणि जुन्या पिवळ्या रेघा एकेक करून पुसून टाकल्या. चारही चाकांच्या. बराच वेळ लागला त्याला, डाव्या हातानं.

"तुझ्या गाडीला आता रेघ नाही," तो म्हणाला. "दर चढावर उतरायचं आणि हात लावून बघायचं."

"बरं, मोनोंक."

"खिळे मारले असते तर तुला ऐकू आलं नसतं."

"माहितीये."

"म्हातारीला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

शुक्रवारी पहिल्या चढावर गिलेन थांबली, हातमोजा काढून खाली उतरली. एक, दोन, तीन, चार, पाच. लोखंड इतकं गार होतं की बोट चिकटत होतं. आत आदेलार बोटांवर मोजत होता. इमेल्दा जागी झाली, काचेला कपाळ लावून बघत राहिली. गिलेन उरलेल्या तीन चाकांकडे वळली.